शेडप्रमाणे शिवलेल्या चित्रकथा उसवू नयेत म्हणून

मी, खाली सही करणारी, वय चोवीस, घरातली पहिली पदवीधर (हा तपशील कायद्याला नको होता, आईला हवा होता), कोणाच्याही दबावाखाली नसताना, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहिते. उद्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी मला भूल देणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "परवा चहा प्याल." तरी लिहिते, कारण साध्या गोष्टीचा प्रबंध करायची मला सवय लागली आहे.

१. माझी बँकेतली शिल्लक आईला. तिने हसू नये.

२. नव्या चित्रकथा धाकट्या बहिणीला. शेवटचं पान आधी बघायचं नाही, ही अट. एक मात्र आईकडे राहावी. तिच्यात एक बाई पानभर चौकटींमध्ये एकही शब्द न बोलता भांडी घासते. चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत वेळ कसा सरकतो, हे मी घरच्यांना समजावत होते. आई म्हणाली, "अगं, पान उलट ना, तिचे हात तरी सुटतील." माझ्या व्याख्यानांना मिळालेला हा एकमेव प्रतिसाद. बाबा तोवर बसल्या जागी घोरत होते.

३. पदवीचं प्रमाणपत्र भिंतीवरच ठेवावं. काढलं तर मागची ओल दिसेल.

४. आता मुख्य मिळकत. रद्दीच्या दुकानांतून जमवलेले जुन्या साहसकथांचे अंक. त्यांचा चित्रकार कुंचल्याच्या एका फटकाऱ्यात घोड्याला घाम आणायचा. अंक सुटे होतात म्हणून बाबांनी, जे शिंपी आहेत, मी पदवीधर झाल्याची भेट म्हणून ते मशीनवर एकत्र शिवले. दुकानात दोऱ्याची रिळं लावतात तसे, मुखपृष्ठाच्या शेडप्रमाणे. त्यामुळे खलनायक लाल अंकात मरतो, गुलाबीत शाळेत जातो आणि जांभळ्यात पुन्हा सगळ्यांना छळतो.

मी म्हणाले, "बाबा, क्रमाला काही अर्थ असतो."

"शेड तर जुळलीय ना?"

यावर मी काळ आणि कथन या विषयावर त्यांचा तास घेतला. तेव्हापासून ते माझ्याशी आईमार्फत बोलतात. "तिला सांग, पंखा बंद कर म्हणावं."

काल बहिणीने बातमी फोडली. मी दवाखान्यात असताना बाबा सगळी शिवण उसवून, क्रम लावून, पुन्हा शिवणार आहेत. नवं ब्लेडही आणलं आहे. पण ते कागद पिवळे, ठिसूळ आहेत. सुईच्या भोकांवर पोस्टाच्या तिकिटांसारखे फाटतील. शिवाय, लिहिताना लाज वाटते, मी ते बाड गुपचूप तसंच वाचलं. मेलेला माणूस पान उलटताच दप्तर घेऊन धावताना दिसला आणि मला प्रथमच त्याची दया आली. क्रमाने वाचताना हे कधी झालं नव्हतं, आणि पदवीसाठी चित्रकथांवर लिहिलेल्या माझ्या प्रबंधात तर मुळीच नाही.

सबब हे बाड शिवणीसकट बाबांना देते. मालक म्हणून त्यांनी काहीही करावं, फक्त उसवू नये.

५. ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असं ओळखीचे वकील म्हणाले. म्हणून बाबांची सही घेतलेली नाही. त्यांनी रुसू नये. म्हणजे आणखी रुसू नये.

६. मृत्युपत्र मेल्यावर वाचतात. तोवर थांबलं तर ब्लेड चालून गेलेलं असेल. तरी हे उद्या सकाळी, मी निघण्याआधी, बहिणीने मोठ्याने वाचावं. मी दारात चपला घालत उभी असेन. बाबांना काही म्हणायचं असल्यास थेट मला म्हणावं. पंख्याविषयी असलं तरी चालेल.

वरील सर्व मी स्वतः लिहून दोन साक्षीदारांसमोर सही केली. दोघांनीही शेवटपर्यंत गंभीर राहण्याचा प्रयत्न केला.

सही: थोरली
साक्षीदार: १. शेजारचे कंपाउंडर काका २. दुकानात काजं करणाऱ्या मावशी
ठिकाण: मधली खोली, शिलाई मशीनशेजारी
दिनांक: ऑपरेशनच्या आदला दिवस, गुरुवार