तलफेचे दाणे

४ नोव्हेंबर

"साखळी घालताय की गळफास?" – इति सासूबाई.

लोकर इतकी आवळून धरली होती की सुईचा आकडा त्यातून बाहेरच येईना. सगळी संध्याकाळ खपून वीतभर साखळी झाली, तीही त्यांनी एका झटक्यात उसवली. म्हणे, पुन्हा. सैल हातानं.

डॉक्टर म्हणाले होते, सिगारेट सोडायची तर हातांना काम द्या. त्यांच्या मनात बागकाम वगैरे असावं. सासूबाई म्हणाल्या, काम मी देते. त्या आमच्याकडेच असतात, मागच्या खोलीत. ऐंशीला टेकल्यात, दिसतं जेमतेम, पण बोटं आणि जीभ दोन्ही तेज. क्रोशे बोटांनीच बघतात. मला म्हणाल्या, "रुमालाबिमालानं तुमचं भागायचं नाही जावईबापू. तुमचं व्यसन मोठं. ब्लँकेटच घ्या."

ही दहावीच्या गणिताच्या वह्या तपासत बसली होती. एकदा मान वर करून बघितलं. मग पुढची वही ओढली.

६ नोव्हेंबर

कुणाला सांगायचं नाही, म्हणून इथं लिहितो. मार्चपासून ही बाहेर हॉलमध्ये झोपते. माझा खोकला, कपड्यांचा वास, आणि "आजपासून बंद" हे माझं वाक्य. हिनं ते इतक्या वेळा ऐकलंय की माझ्याआधी तिलाच पाठ झालं असेल. भांडली असती तर मीही भांडलो असतो, मिटलं असतं. ती भांडलीच नाही. अंथरूण उचललं आणि गेली. आता बोलतो ते गॅस, दूध आणि वीजबिल यांवर.

या खेपेला हिला काही म्हणजे काही सांगितलेलं नाही. आधी ब्लँकेट पुरं करायचं, एकही न ओढता. मग म्हणायचं – आत ये. त्याआधी तोंड उघडायचं नाही.

साखळी जमली. थोडी वाकडी आहे, पण साखळी आहे.

१० नोव्हेंबर

खांब, म्हणजे उभा टाका, विणायला शिकलो. सुईला वेढा, टाक्यात घाला, ओढा, दोनदा सोडवा. क्लच, गिअर, अ‍ॅक्सिलरेटर यापेक्षा सोपं. असं मी म्हणालो आणि पुढची ओळ चुकली.

मी शिकवतो त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आज मजा झाली. रिव्हर्सचा सराव मैदानावर असतो, दोन रिकामे डबे ठेवून. माझी एक शिकाऊ, चष्मेवाली, रोज त्यांतला एक तरी आडवा करते. आज मी बाहेर उभा राहून विणत होतो. ओरडायला मान वर केली तर गाडी डब्यांच्या मधोमध, नीट उभी! चष्मेवाली म्हणाली, "सर, तुम्ही बघत नव्हतात ना, म्हणून जमलं." बावीस वर्षं मी लोकांना बघून बघून घाबरवतोय, हे आज कळलं.

१३ नोव्हेंबर

आजचा दिवस मोठा. सविस्तर लिहितो.

चांगलं हातभर विणून झालं होतं. मी ते टेबलावर पसरून कौतुकानं बघत होतो. ही चहाचा कप घेऊन तिथून जात होती. थांबली. मान तिरकी केली. आणि म्हणाली, "समलंब चौकोन झालाय."

झालाच होता. खाली रुंद, वर अरुंद. मला वाटत होतं मी लांबून बघतोय म्हणून तसं दिसतंय.

सासूबाईंनी कडेवरून बोट फिरवलं. "दर वळणावर एक टाका खाताय. ओळ संपली की काम फिरवायचं, आधी साखळी घालून उंची घ्यायची, आणि मग कडेचा टाका शोधून त्यातच शिरायचं. तुम्ही घाईघाईनं पुढच्यात शिरताय." वळताना घाई! जन्मभर शेजारच्या सीटवर बसून हेच ओरडत आलो, आणि स्वतः प्रत्येक वळण कापत होतो. त्यांना हे सुचलं नाही ते बरं. लगेच सुचलंच. जेवण होईपर्यंत हसत होत्या.

सगळं उसवलं. पण खरं सांगू, उसवताना आतून गुदगुल्या होत होत्या. आठ महिन्यांत हिनं आपण होऊन माझ्याशी बोलायला काढलेला पहिला विषय – समलंब चौकोन.

१७ नोव्हेंबर

जेवणानंतरची तलफ फार वाईट. जीव कासावीस होतो, पाय आपोआप चपलांकडे वळतात. आज सासूबाईंनी पायरव ओळखला. हाक मारली आणि दाणा शिकवला. एकाच टाक्यात पाच खांब अर्धवट विणायचे आणि पाचही एका फासात आवळून टाकायचे. वर टपोरा फुगवटा येतो. शिकाऊ माणसाला एक दाणा घालायला चांगलाच वेळ लागतो, आणि तेवढ्यात तलफ ओसरते.

"आली तलफ की घाला दाणा. नाही आली तर साधा खांब."

"आणि नक्षी?"

"होईल ती नक्षी."

१८ नोव्हेंबर

साधा खांब शोधावा लागतोय. दाण्यांवर दाणे. ब्लँकेटला गोवर आल्यासारखं दिसतंय.

२५ नोव्हेंबर

लायसन्सच्या परीक्षेचा दिवस. पाच जण नेले, चार नापास. चष्मेवाली त्यांत. रडली नाही, पण चष्मा पुसत राहिली.

आमच्या ऑफिसातला हँडब्रेक – दुसरा शिकवणारा, सगळ्याला आधी नाही म्हणतो म्हणून हे नाव – आज नको तेव्हा दिलदार झाला. सिगारेटचं पाकीट पुढे केलं. म्हणाला, "एकीनं काय होतंय?" मी घेतली. बोटांत धरली. काडीपेटीही त्याचीच. मग उगीचच ब्लँकेट आठवलं. ही सिगारेट ओढली तर त्या ओळीत काय विणायचं? परत दिली. तो म्हणाला, "तू कामातून गेलास." गेलो तर गेलो!

घरी येऊन तीन ओळी विणल्या. हात लावला तर डोंगरदऱ्या.

२ डिसेंबर

अर्ध्याच्या वर झालं. कडा सरळ. ही स्वतःहून येऊन बसली, चक्क शेजारी. बोटानं दाणे मोजायला लागली. मग वहीच्या मागच्या पानावर काहीतरी आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले.

"हे डिझाइन कुठलं? यात नियमच सापडत नाही."

"नियम नाहीच."

"असं कसं? काहीतरी असणारच. खाली गर्दी, वर विरळ. मध्येच तीन ओळी पुन्हा गच्च."

मी लोकरीचा गुंता सोडवायला घेतला. सासूबाईंना खोकल्याची उबळ आली, ती अर्थातच खोटी. हिलाही क्रोशे येतं, लहानपणी आईनंच शिकवलंय. पण लग्नानंतर सुई हातात धरलेली मी पाहिली नाही.

जाताना म्हणाली, "हल्ली खोकत नाही तुम्ही." वाटलं, सांगून टाकावं. नाही सांगितलं. ब्लँकेट पुरं व्हायचंय. मध्येच "बंद केली" म्हणालो आणि पुन्हा घसरलो, तर यापुढे माझ्या शब्दाला घरात कुत्रंही विचारणार नाही. भीती वाटते, हेच खरं.

९ डिसेंबर

पूर्ण ओळ सपाट! एकही दाणा नाही. दोनदा मोजली. सासूबाईंना नेऊन दाखवली. त्यांनी बोट फिरवलं, म्हणाल्या, "गुळगुळीत रस्ता." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. चोपन्न वर्षांचा घोडा मी, पण डोळ्यांत पाणी आलं.

१४ डिसेंबर

ब्लँकेट गायब. पिशवीत लोकर आहे, सुई आहे, ब्लँकेट नाही. सासूबाई साळसूद चेहऱ्यानं म्हणाल्या, "माझ्याकडे आहे. कडा तपासतेय." चार-पाच ओळी राहिल्यात आणि यांना आताच कडा आठवल्या!

१५ डिसेंबर

अजून कडाच तपासतायत. हातांना काम नाही. लोकरीचे गुंडे सोडले, पुन्हा गुंडाळले. हँडब्रेक समोर धूर सोडत बसला होता. त्याच्याकडे पाठ करून बसलो.

१६ डिसेंबर

चष्मेवाली पास! दोन डब्यांच्या मधून लोण्यातून सुरी जावी तशी गाडी काढली. मला म्हणाली, "सर, आज विणलं नाहीत, तरी जमलं."

घरी आलो तर मागच्या खोलीत मायलेकींची हसाहशी चालली होती. मी दारात गेलो की दोघींनी मिठाची गुळणी धरली. नंतर सासूबाईंना एकटं गाठून विचारलं – दाण्यांचं हिला सांगितलंत ना? त्यांनी कानांवर हात ठेवले. "मला म्हातारीला काय कळतंय?" म्हणजे सांगितलं. रागावलो. माझं गुपित, मी सांगणार होतो, माझ्या वेळेला. ही मात्र जेवताना दूध संपलंय एवढंच म्हणाली.

माहीत झालं, तरीही दूधच. म्हणजे पटलं नसणार. आज फार तलफ आली. दाणा घालायला ब्लँकेट नाही. पाणी प्यालो.

१९ डिसेंबर

ब्लँकेट परत मिळालं. वरची ओळ माझी नाही. हात सैल, वळणं अचूक, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते दाणे. एक साधा खांब नाही. हिच्याकडे घेऊन गेलो. म्हटलं, तू तर जन्मात सिगारेट ओढली नाहीस, हे कशाचे?

वहीतून मान वर न करता म्हणाली, "आत यावंसं वाटलं, त्याचे."