लगासे बाईंची स्वीडिश गाडी

प्रिय रेमी,

याआधीची अकरा पत्रं तू उघडलीस की नाही, मला माहीत नाही. परत आली नाहीत, एवढंच. हे मात्र शेवटपर्यंत वाच. यात गाडीबद्दल बरंच आहे, आणि गाडीबद्दल काही छापलेलं दिसलं की तू जेवण सोडून वाचत बसायचास.

मी गाडी घ्यायला निघाले होते, अडुसष्टाव्या वर्षी. तुला पाचवीला शिकवणाऱ्या लगासे बाई वृद्धाश्रमात राहायला निघाल्या, आणि त्यांना ती हिरवी, ट्रंकेसारखी चौकोनी स्वीडिश गाडी विकायची होती. बावीस वर्षांची आहे. मला ती एकाच कामासाठी हवी होती. तुझ्या तुरुंगापर्यंत पाच तासांचा रस्ता, आपल्या खोऱ्यातून तिकडे बस जात नाही, आणि योलांद आत्याला मोतीबिंदूमुळे आता चर्चपर्यंतसुद्धा गाडी नेता येत नाही. भेटीला येणाऱ्यांच्या यादीतून तू माझं नाव काढलंस त्याला चार वर्षं झाली. पण तिथली फोनवरची बाई म्हणाली की दर जानेवारीत ती यादी नव्याने होते. मी मनाशी म्हटलं, चुकून नाव आलंच, तर दारात गाडी तयार असावी.

आत्याला सांगितलं तेव्हा ती कुट्टूची धिरडी घालत होती. कालथा हातात धरून हसत सुटली. म्हणाली, "अगं, आपल्या इथे ट्रकचा पार्ट मिळायला आठवडा लागतो. स्वीडनहून मागवशील तर तू आधी मरशील, मग पार्ट येईल." मी म्हटलं, "मग पुरताना सोबत ठेव." तिने धिरडं माझ्या ताटात आपटलं. मी कुठे जायला गाडी घेतेय हे तिला माहीत होतं. तुझं नाव तिच्या घरात कुणी घेत नाही. माझ्याकडेही मीच घेते, तेही भांडी घासताना.

लगासे बाईंनी गाडीचं माहितीपुस्तक मला आधी वाचायला दिलं. आठवीत शाळा सुटल्यापासून हाताला लागेल ते वाचायची माझी सवय तुला ठाऊकच आहे. मी ते दोनदा वाचलं. समासात बाईंनी बारीक अक्षरात बावीस वर्षांच्या नोंदी केल्या आहेत: कधी तेल बदललं, कुठल्या थंडीत बॅटरी गेली, कुठे हरीण आडवं आलं. इतक्या नीट राहणाऱ्या बाईची गाडी कशी वाईट असेल, असं मला वाटलं. त्या स्वतः मात्र म्हणाल्या, "बर्नाडेट, ही माझ्यासारखीच आहे. वरून ठीक. गुडघ्यांचं विचारू नकोस." ऑगस्टमध्ये कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी गाडीच्या पोटाला काळं डांबर फासून घेतलं होतं. मला ते चकचकीत वाटलं. तुझे बाबा असते तर ते पाहताक्षणी मागे फिरले असते. ते दर ऑक्टोबरला आपल्या गाडीच्या पोटाला तेल मारायचे आणि तुला शेजारी बसवून मातीच्या रस्त्यावर दोन फेऱ्या मारायचे, म्हणजे तेलावर धूळ बसून थर धरायचा आणि हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ लोखंडाला लागायचं नाही. तू घरी यायचास तो नाकापर्यंत धुळीने माखून. आपला ट्रक मात्र, ट्रकच्या शेवटच्या दोन वर्षांत, त्यांनी तसाच ठेवला. पाठ दुखते म्हणायचे.

मंगळवारी गाडी ओनीलच्या गॅरेजात नेली. वार्षिक तपासणीचं स्टिकर संपलं होतं, आणि स्टिकर नसेल तर ती रस्त्यावर आणता येत नाही. बाबांचा हा बालमित्र आता फार वाकलाय. त्याने गाडी वर चढवली, हातात स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि डांबरावर ठोकत गेला. पहिल्या दोन ठिकाणी टणटण वाजलं. तिसऱ्या ठिकाणी दांडा मुठीपर्यंत आत गेला, केकमध्ये सुरी जावी तसा. डांबराने ओल आत कोंडली होती आणि लोखंड आतून खाल्लं गेलं होतं. मग त्याने ब्रेकच्या तेलाचा पाईप दाखवला. त्यावर बोट फिरवलं तर खपली निघाली. "हा कधी जाईल सांगता येत नाही," तो म्हणाला. "जाईल तेव्हा पाय थेट तळाशी जाईल." मी विचारलं, "दुरुस्त होईल?" तो म्हणाला, "पाईप होईल गं. पण तो बांधायचा कशाला? सांगाडाच राहिला नाही."

मी तिथेच टायरवर बसले. मी रडले नाही, पण तोंड बघून त्याला कळलं असावं. हात पुसत तो म्हणाला, "हे बघ, महिन्यातून एकदा पोराला भेटायला जाणार, सावकाश जाणार. मी स्टिकर लावून देतो. मी खाली बघितलंच नाही असं समज." आपल्या खोऱ्यात असं चालतं हे मला माहीत आहे. काढणीच्या दिवसांत कुणाचा ट्रक अडवून ठेवायचा नाही. शेजारी म्हणतो, बटाटे निघाले की दुरुस्त करतो. आपण मान डोलवायची आणि स्टिकर द्यायचं. याला इथे माणुसकी म्हणतात. मी आपलं सहज विचारलं, "असं कितीजणांना दिलंस रे आजवर?"

त्याने स्टिकरांचा गठ्ठा खणात ठेवला, पुन्हा काढला. मग म्हणाला, "बर्नाडेट, तो मला म्हणाला होता, काढणी आटोपली की पाईप बदलतो." कोण, असं मी विचारलं नाही. "तुझ्या नवऱ्याने, आर्मांने, शपथ घातली होती कुणाला न सांगण्याची," तो म्हणाला. "तू शिव्या दे मला."

मी शिव्या दिल्या नाहीत. त्या वेळी मला फक्त कोर्टातला आपला बाक दिसत होता. बाबा दोन्ही हातांत टोपी धरून खाली बघत होते. ट्रकचा पाईप तुटलेला सापडला होता, पण तो धडकेत तुटला असं ठरलं, कारण काचेवर तीन आठवड्यांपूर्वीचं स्टिकर होतं. तू दोन बिअर प्यायला होतास हे खरं. उतारावरून खाली आलास तेव्हा म्हातारी ऑरोर रस्ता ओलांडत होती आणि ट्रकखाली आली हेही खरं. वकिलाने मला विचारलं, ब्रेक लागला नाही असं मुलगा म्हणतोय, तुम्हाला काय वाटतं? मी, जिला खरं बोलण्याचा इतका अभिमान, ताठ उभी राहून म्हणाले की सतराव्या वर्षी गाडी खड्ड्यात घातली तेव्हाही तो ब्रेकच म्हणाला होता, आणि तेव्हा ते खोटं निघालं होतं. तू माझ्याकडे बघितलंस. बाबांनी मान वर केली नाही. दोन वर्षांनी ते गेले, तोवर रोज रात्री माझ्या शेजारी झोपले. मी समजत होते की ते तुझ्यासाठी झुरताहेत. झुरतच असतील. त्यांच्यावर रागवायचं तर समोर कोणी नाही, आणि मला त्यांची आठवण येते ती काही थांबली नाही.

ओनीलला मी म्हटलं, चल वकिलाकडे. तो म्हणाला, "परवाना जाईल माझा, आणि पोरगा काही सुटणार नाही. प्यायलेला होताच की." मी एकटीने फोन केला. वकील सभ्यपणे बोलला. ट्रक कधीच भट्टीत वितळला, ज्याने शपथ घातली तो मेला, ज्याने ऐकली तो सही करणार नाही. मग हाती उरलं काय, असं त्याने मलाच विचारलं. स्टिकर मी घेतलं नाही. तशी गाडी घेऊन त्याच उतारावरून तुझ्याकडे निघणं मला जमलं नसतं. लगासे बाईंनी ती भंगारात दिली. दुसरी मिळण्याची आशा नाही. म्हणून यादीत माझं नाव घाल असं मी म्हणत नाही. घातलंस तरी मी येऊ शकणार नाही.

हे पत्र मी लिहायला घेतलं ते एवढ्यासाठीच की माझ्या अक्षरात, माझ्या सहीनिशी हे कुठेतरी असावं. हे कोर्टात चालणार नाही, आणि तुझी वर्षं कमी होणार नाहीत. त्या दिवशी इस्पितळात तू माझा हात धरून म्हणालास, "आई, मी दाबला होता." मी हात सोडवून घेतला. रेमी, तू ब्रेक दाबला होतास. पाय तळाशी गेला, आणि गाडी थांबली नाही. तू खरं सांगत होतास.

तू मानत असलास-नसलास तरी तुझीच,
आई