सर्व ख्रिस्ती समाजाच्या वतीने

पाय, तुला मी या नावाने हाक मारायचे म्हणून शाळेतल्या पोरी किती हसायच्या, आठवतं? बापाला कोणी पाय म्हणतं का, मग आईला हात म्हणतेस का, असं विचारायच्या. मी रडत घरी आले तेव्हा तू मशीनवरून मानही वर न करता म्हणालास, उद्यापासून चारचौघांत बाबा म्हण, मी ओ देईन. मी आठवडाभर बाबा म्हणून पाहिलं. तू ओ दिलीस, पण दर वेळी जरा उशिरा, जणू दुसऱ्याच कोणाला बोलावलंय असं वाटून. मग मी पुन्हा पाय म्हणायला लागले आणि पोरींना हसू दिलं. आज तुला लिहायला बसले तर दुसरं काही सुचतच नाही.

तुझं मशीन पडवीत, समुद्राकडच्या खिडकीखाली. एका बाजूला वेदीवरच्या चादरी आणि कोफ्रीचे लाल झगे. आपल्या चर्चच्या, इगर्जीच्या कोफ्री मंडळातले मानकरी, ज्यांत तूही होतास, मिरवणुकीला आणि मयताला जे झगे घालतात, ते तीस वर्षं तूच शिवलेस. दुसऱ्या बाजूला पक्षाच्या झेंड्यांचा गठ्ठा. इगर्जीचा सण, फेस्त, आणि निवडणूक एकाच सुमाराला आली की माय वैतागायची, कारण जेवायला बसायलाही जागा उरायची नाही. एकदा घाईत तू वेदीच्या चादरीला काठी घालायचा नेफा शिवून ठेवलास आणि फादर हसून हसून बेजार झाले. तुला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. देव आणि पक्ष यांत तुला कधी भांडण दिसलंच नाही, आणि त्याचा मला लहानपणापासून राग यायचा. मी म्हणायचे, झेंड्यांचे निदान कापडाचे पैसे तरी घे. तू ऐकायचा नाहीस.

कारण तुझं एकच असायचं. तू तरुण होतास तेव्हा सिमितेरीकडे, आपल्या दफनभूमीकडे, जाणारी वाट एका बागायतदाराने कुंपण घालून बंद केली होती. आपल्या माणसांच्या मयताच्या पेट्या किनाऱ्याने, भरतीच्या पाण्यातून न्याव्या लागायच्या. आजोबा वारले तेव्हा पक्षाचा तेव्हाचा अध्यक्ष, जो ना आपल्या धर्माचा ना गावचा, स्वतः आला आणि त्याने हाताने कुंपणाचे दांडे उपटले. त्या वाटेने पहिली पेटी आजोबांची गेली. ही गोष्ट तू मला इतक्यांदा सांगितलीस की मी पुढचं वाक्य आधीच बोलून दाखवायचे. "आमच्या मेलेल्या माणसांका तेंनी वाट दिल्यानी, बाय," असं म्हणून तू परत पायडल मारायला लागायचास.

आपल्याकडे रेल्वे सुरू होऊन पाचेक वर्षं झाली होती. किनाऱ्यावर पर्यटकांसाठी लॉज उठायला लागले होते. मी कणकवलीला शिक्षणसेवक होते, तिसरं वर्ष संपत आलं होतं आणि कायम होण्याची फाईल संस्थेत अडली होती. संस्थेत शब्द चालायचा तो पक्षाच्या नव्या तालुकाध्यक्षाचा. त्याच्या मेहुण्याचा लॉज आपल्या वाडीत, आणि लॉजकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वळणावर आपला जुना खुरीस, वाडीचा क्रूस. रस्ता रुंद करायचा होता. अध्यक्ष घरी आला, मायच्या हातचा चहा प्याला, आणि तुला म्हणाला की तुम्ही जुने कार्यकर्ते, तुमची हरकत नाही एवढं लिहून द्या. फादरांना विचारून, प्रार्थना करून, खुरीस दहा पावलं मागे घेऊ. निघताना माझ्याकडे बघून म्हणाला, बाईंचं अक्षर चांगलं आहे म्हणे, त्यांनाच लिहायला सांगा.

तुझं वाचन रोमी अक्षरातल्या कोंकणी प्रार्थनेच्या पुस्तकावर झालेलं. देवनागरी तू बोट फिरवत, दुकानाच्या पाट्या वाचण्याइतकी वाचायचास, आणि सरकारी मराठी तर तुला परकीच होती. मी लिहिलं, तू बोट ठेवून वाचत गेलास आणि एका शब्दावर थांबलास. "स्वखुशीन म्हणजे काय गो?" मी म्हणाले, तशी अर्जाची भाषा असते, लिहावंच लागतं. पुढची ओळ तू वाचली नाहीस. पोरगी शिकलेली आहे, तिने लिहिलंय, एवढं तुला पुरे होतं. सही करताना तू नेहमीसारखं आधी छातीवर खुरीस काढलास.

पंधरा दिवसांनी सकाळी, सगळे पुरुष होड्यांवर किंवा बाजारात असताना, जेसीबी आला. फादरांना कोणी विचारलं नव्हतं. खुरीस उचलताना मधोमध तुटला आणि त्याच्या एका हाताचा तुकडा गटारात पडला. बायका धावत गेल्या. त्यांना पंचायतीत तो कागद दाखवला गेला. त्यात लिहिलं होतं की आम्ही हे स्वखुशीने लिहून देत आहोत, आणि पुढच्या ओळीत, सर्व ख्रिस्ती समाजाच्या वतीने. खाली तुझी एकट्याची सही.

त्या रविवारी इगर्जीत मिसाची प्रार्थना संपल्यावर तू पुढे जाऊन उभा राहिलास. मी मायच्या बाजूला बायकांच्या बाकावर बसले होते. तुझ्या अंगावर कोफ्रीचा झगा नव्हता, तो तू घडी करून आधीच परत केला होतास. माका कागद नीट वाचूक येवक नाय, चूक माझी, असं तू म्हणालास. मागून कोणीतरी विचारलं, मग लिवल्यानी कोणी? मायने माझा हात घट्ट धरला, तो उठवण्यासाठी की बसवण्यासाठी, मला अजून कळलेलं नाही. तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. "मीया सांगलंय तसां लिवलेलां आसा," एवढं म्हणून तू बाहेर गेलास. मी बसून राहिले.

मे महिन्यात, दहा पावलं मागे उभारलेल्या नव्या सिमेंटच्या खुरसाकडे लदीन, संध्याकाळची गाऊन म्हणायची प्रार्थना, सुरू झालं. रोज एका घराची पाळी. प्रार्थना झाली की त्या घराने सगळ्यांना उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे तुकडे वाटायचे. आपल्या पाळीला मायने नेहमीसारखा मोठा टोप भरून चणे उकडले. मी म्हणाले, कमी कर. ती म्हणाली, येतील गो, देवाच्या कामाला माणसं येतात. संध्याकाळी तू मेणबत्त्या लावल्यास. रस्त्याने माणसं जात होती, आपल्याच वाडीतली, खुरसाला हात जोडून पुढे जाणारी. तू गायला सुरुवात केलीस, माय उत्तर देत राहिली, मध्ये मध्ये मी. तीन माणसांचं लदीन कसं ऐकू येतं हे मला तेव्हा कळलं. पुढचे दोन दिवस आपण चणेच खाल्ले. त्याच महिन्यात माझी कायम झाल्याची ऑर्डर आली आणि तू खूश झालास, खरंच मनापासून खूश झालास.

पुढच्या निवडणुकीला गठ्ठा पुन्हा आला तेव्हा मी तुझ्यावर ओरडले. यांच्यासाठी अजून झेंडे शिवतोस? तू सुईत दोरा ओवत म्हणालास की वाट काही त्यांनी परत घेतलेली नाही. मला तुझी कीव आली आणि तुझा संतापही आला. तालुकाध्यक्ष पुढे दुसऱ्या पक्षात गेला, लॉजवरचा झेंडा बदलला. तू मात्र तिथेच होतास, जुन्या पक्षाचा, पडवीत मशीनवर बसलेला.

सही केल्यापासून सहा वर्षांनी तू गेलास. पक्षातून कोणी आलं नाही. ज्यांनी यायला हवं होतं ते दुसऱ्या पक्षात गेले होते आणि जे उरले होते त्यांना तू आठवत नव्हतास. कोफ्रीचे लोक आले. ख्रिस्ती माणसाला खांदा द्यायलाच हवा म्हणून आले, पण साध्या कपड्यांत. तू शिवलेले लाल झगे इगर्जीतल्या कपाटातच राहिले. तुझी पेटी त्या कुंपण काढलेल्या वाटेने गेली आणि मी मागून चालत होते. त्या क्षणी सगळ्यांना ऐकू जाईल असं एक वाक्य मी बोलले असते तर ते मागे फिरून झगे घालून आले असते, याची मला खात्री होती. मी वाटेतले दगड बघत चालत राहिले.

आता मला कायम होऊन वीसेक वर्षं झाली. हे लिहून तुझ्या मशीनच्या खणात ठेवीन, बॉबिनांच्या डब्याखाली, कारण दुसरा पत्ता मला माहीत नाही. फादरांनाही मी आजवर हे सांगितलेलं नाही. माय गेली तेव्हा तिलाही नाही. अध्यक्षाने हरकत नाही एवढंच लिहायला सांगितलं होतं, पाय. सर्व ख्रिस्ती समाजाच्या वतीने, हे कोणी सांगितलं नव्हतं. फाईल अडली होती, कागद तो वाचणार होता, आणि तो कोणी लिहिलाय हे त्याला ठाऊक असणार होतं. अर्जाची भाषा तशी नसते. ती ओळ मी लिहिली, स्वखुशीने.