मामाच्या नाकाची बाजू

खालापूर, ऐन मोहरात

तीर्थस्वरूप सौ. अक्कास,

धाकट्या दत्ताचा नमस्कार. तुझी साखर खाली, विहिरीचं पाणी वर आणि दाजींचा गुडघा जागच्या जागी असेल असं धरून थेट तक्रारीकडे येतो.

तक्रार अशी की या कर्जत-खालापूर भागात दरवर्षी आंब्याला मोहर येतो आणि त्याबद्दल कुणालाही जबाबदार धरलं जात नाही. उलट लोक खूश होतात. माझं नाक गळतंय, आणि शेजारी विचारतात, यंदा मोहर बरा दिसतोय ना? दिसणार कुठून, डोळे सुजलेत. फोनच केला असता, पण मागच्या खेपेला तू ‘आदी शिंकून घे रं, मंग बोल’ म्हणून ठेवलास, तो मंग अजून यायचाय. कागदावर निदान शिंक उमटत नाही.

सुरभीच्या लग्नात तिच्या मागे मामा म्हणून मी नाही, आपला चुलतभाऊ सुनील उभा राहणार, हा विठूकाकांचा निकाल कळला. (दाजींचे काका म्हणजे तुमच्या घरातलं शकुनखातं, त्यांच्यावर अपील नाही.) निकाल योग्यच आहे. सुनीलच्या नाकानं जन्मात कधी तोंड उघडलेलं नाही. मला काडीचं वाईट वाटलेलं नाही. फक्त सुपारी फोडायला निघालात त्या सकाळची माझी बाजू मांडतो.

पळसदरीच्या तुमच्या अंगणात, आंब्याखालीच टेंपो उभा. दाजींनी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि मी शिंकलो. रीतीप्रमाणे सगळे परत आत बसले, पाणी प्यायले, उठले. मी पुन्हा शिंकलो. विठूकाका म्हणाले, ‘लागोपाठ दोन आल्या तं दोष नाय. हिच्या पाठीला अजून एक येऊं द्या.’ मग अख्खी वरात माझ्या नाकाकडे बघत उभी. अक्का, अशा नजरेखाली कुणाला शिंक येते? माणसं कंटाळून निघाली, तेव्हा आली. पुन्हा पाणी. (एवढं पाणी पोटात घेऊन दाजींना वाटेत दोनदा टेंपो थांबवावा लागला, तेही माझ्याच नावावर.) शेवटी तू मला गोठ्यात पाठवलंस, जिथं नवा पेंढा रचलेला. पेंढ्याच्या धुळीपुढं मोहर सोज्वळ वाटला. माझा आवाज येऊ नये म्हणून ड्रायव्हरनं गाणी मोठ्यानं लावली, आणि मुलाकडच्यांना वाटलं तुम्ही वाजतगाजत आलात. त्याचं श्रेय मला कुणी दिलं?

उपाय चालू आहेत. ओव्याची पुरचुंडी हुंगतो, नाकात तूप सोडतो (तुझी भावजय हर्षला म्हणते, भाताला उरत नाही). डॉक्टर म्हणाले, मोहर आहे तोवर आंब्यापासून लांब राहा. या तालुक्यात आंब्यापासून लांब म्हणजे एक्स्प्रेसवेच्या मधोमध. मग त्यांनी गोळी दिली. रविवारी परसातल्या आंब्याखाली तिची परीक्षा घेतली. शेजारची भाविका पाटावर नवरी, हर्षला मोबाईलमध्ये बघून मंगलाष्टकं म्हणणार, मी मागे उभा. एक शिंक आली नाही. शेवटी सगळं इतकं शांत झालं की नवरीनं वळून पाहिलं. मी उभ्या उभ्या झोपलो होतो. हर्षला अजून ऐकवते, ‘अवो, सावधान म्हणून म्हणून माजा घसा बसला.’

असो. सुनील आहे म्हटल्यावर मला चिंता नाही. दाजींना नमस्कार, विठूकाकांना जरा लांबून.

तुझा,
दत्ता

ता. क. चिंता आहे. तुम्ही सुपारीला गेलात तेव्हा घरी सुरभी आणि मी, दोघंच. तिनं मला वाफेसाठी पाणी तापवून दिलं, आणि मी चादरीखाली असताना विचारलं, ‘मामा, माज्या मागं तूच उभा ऱ्हाशील ना?’ चादरीच्या आत मी हो म्हटलंय. तेव्हा असं कर. विठूकाकांना विचार, मंगलाष्टकं चालू असताना कोण कुठं निघालेलं असतं? कुणी निघालंच नाही तर शिंक आडवी कुणाला येणार? अर्धी गोळी घेऊन बघतोय, तिनं झोप येत नाही. शिंक येते, पण एखादीच. तू सांगितलंस तर काका ऐकतील.

ता. क. दुसरा. काकांचं काहीही ठरो, नवरीची पिवळी साडी मामानं द्यायची असते, ती रिक्षावाल्या रूपेशबरोबर पाठवली आहे. मागे सुनील उभा राहिला तरी अंगावर तीच असू दे. घडी मीच घातली आहे, नाकाला रुमाल बांधून.