गडहिंग्लजच्या स्थळाची निवडणूक

आबा, परवा नातीने विचारलं, राष्ट्रपतीला आपण मत का देत नाही? मी तोंड उघडलं आणि थेट तुमचंच उत्तर बाहेर आलं. मग जीभ चावली, कारण त्या उत्तराने आपल्या घरात काय घडलं होतं ते आठवलं.

संस्थान जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. तुम्ही शाळामास्तर, रविवारीसुद्धा गल्लीतली पोरं कट्ट्यावर धरून बसवायचात. त्या दिवशी पेपरात राष्ट्रपतींच्या निवडणुकीची बातमी होती. एका पोराला 'पती' या शब्दावरून राष्ट्राचं लग्न कधी झालं याची काळजी पडली. तुम्हाला तेवढंच निमित्त पुरलं. म्हणालात, लग्नच समजा. आमच्या थोरलीचं स्थळ सगळी गल्ली ठरवत न्हाय, घरानं मानलेली मोठी माणसं ठरवत्यात. तसंच आपण निवडून दिलेली माणसं राष्ट्रपती निवडत्यात.

पोरांना पटलं. आत भाकरी थापणाऱ्या ताईला पटलं नाही. तिला सांगून आलेला गडहिंग्लजचा मुलगा तुमच्या जिवलग मित्राचा, शिवाय हुंडा नको म्हणणारा. तुम्ही मनातून होकार देऊन बसला होता आणि ताईला ते स्थळ नको होतं. ती पिठाच्या हातांनी उंबऱ्यात आली.

"आबा, ह्यात माझं मत कुठाय?"

तुम्ही खाकरलात. मताला एकवीस वर्षं लागतात, तुला सतरावं चालू आहे, असा कायदा सांगितलात.

"मताला वय बसंना, आणि लग्नाला बसतंय व्हय?"

पोरं खदाखदा हसली. गल्लीदेखत लोकशाही शिकवल्यावर मागे फिरायची सोय नव्हती. तुम्ही आईकडून तांब्या मागवलात. होकाराला ज्वारी, नकाराला हरभरा. आई, ताई आणि मी नऊ वर्षांची मतदार, एकेक जण माजघरात जाऊन दाणा टाकून आलो. तुम्ही शेवटी गेलात आणि बराच वेळ बाहेर आला नाहीत. तांब्या पालथा केला तर चारही हरभरे. तुमची ज्वारी कुठाय, असं आईने विचारलं.

"मत गुप्त असतंय," म्हणालात, आणि टोपी घालून गडहिंग्लजच्या एस.टी.ला निघालात. नकार घेऊन मित्राला तोंड दाखवायचं होतं. त्या दिवशी तुम्ही मला फार फार आवडलात, आबा. आपल्या घरात असलं बोलायची रीत नव्हती, म्हणून राहून गेलं.

पुढे तुमच्या माघारी ताईने स्वतःच नवरा निवडला आणि ती सुखात आहे. हे पत्र तिच्या हाती लागायला नको, म्हणून लिहून झालं की फाडणार आहे. दाजी मला कधीच आवडले नाहीत. अजूनही नाहीत. पण लग्न तिचं, मत तिचं, म्हणून इतकी वर्षं मी गप्प बसले आहे.