गरम गाडी चालू झाल्याची तक्रार

तीर्थस्वरूप बापूसाहेब,

जुळे सोलापुरातून तुमच्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार (आज कंबर धरल्यामुळे उभ्यानंच). वहिनींचा गुडघा आता कसा आहे? इकडे तुमची बहीण ठणठणीत आहे आणि मीही, तिच्या मते उगाचच, ठीक आहे. फोनवर बोललो की आतल्या खोलीत सगळं ऐकू जातं, म्हणून पत्र.

तुमच्या वर्कशॉपातल्या चाळीस वर्षांच्या अनुभवापुढे मी हात टेकले. रिटायर झाल्यावर घेतलेली माझी ती जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार (इंद्रायणीच्या भाषेत ‘सवत’) सकाळी एका चावीत चालू व्हायची, पण तापलेली बंद केली की संपलं. मी बॅटरी बदलली, प्लग बदलले, चोक ओढला, अ‍ॅक्सिलरेटर दाबत बसलो. तुम्ही तिकडून बघितल्यासारखं सांगितलंत, की इंजिनच्या धगीनं कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळून आधीच जास्त उतरतंय आणि मी वरून आणखी पाजतोय. प्रभू मेकॅनिकनं तुमच्या सांगण्याप्रमाणे कार्बोरेटरखाली धग अडवणारं जाड पॅकिंग बसवलं. आता भर दुपारीही गाडी लगेच चालू होते. आभार मानायलाच हे पत्र लिहायला घेतलं, पण आभार काही मनापासून उमटत नाहीत.

त्याचं असं झालं. पॅकिंग बसण्याच्या आदल्या दिवशी चिंचोळी एमआयडीसीच्या रस्त्यावर आम्ही उसाचा रस प्यायला थांबलो आणि गाडी अडली. बॉनेट उघडून कडुनिंबाखाली बसलो. घरी आमचं बोलणं सिलिंडर आणि भाजी यांपलीकडे जात नाही (लेक सोनाली नोकरीला बंगळुरूला गेल्यापासून भाजीही कमी लागते). रसाचा ग्लास खाली ठेवून इंद्रायणी म्हणाली, “श्रीपूरच्या शाळेतून मला नोकरीची ऑर्डर आली होती. तुम्हाला ठाऊक नाही.”

बापूसाहेब, लग्नाला बत्तीस वर्षं झाली. ती सांगू लागली. तेव्हा माझी नुकतीच बदली झालेली, सोनाली तान्ही, आणि मला सांगावं की नाही या विचारात ती चार दिवस ते पाकीट उशाखाली ठेवून... इतक्यात रसवाला म्हणाला, “सायेब, निवली आसंल, बघा की आता.” मी (मूर्खासारखी) चावी फिरवली आणि गाडी चालू झाली.

घरी मी दोनदा विचारलं, पुढं काय झालं म्हणून. एकदा काही नाही म्हणाली, एकदा चहा घेणार का म्हणाली. आता रोज फिरायला नेतो, पण कुठंही थांबलो तरी ती पर्स सावरून म्हणते, चला, होतेय की चालू. इतकी वर्षं मी काही विचारलंच नाही, याचं फार वाईट वाटतं.

तुमचा,
नंदू

ता. क. एवढ्या खटपटीनं बसवलेलं पॅकिंग काढ, हे प्रभूला कोणत्या तोंडानं सांगू? त्यापेक्षा तुम्हीच तुमच्या बहिणीला लिहा, की एवढ्या जुन्या गाडीला तापल्यावर वीस मिनिटं विश्रांती द्यावीच लागते. गाडीच्या बाबतीत ती माझं ऐकत नाही, तुमचं ऐकते.

ता. क. २. कंबरेमुळे पत्र पोस्टात टाकायला तिच्याकडेच देतोय. काळजी नसावी, ती दुसऱ्याची पत्रं वाचत नाही.

ता. क. ३. दादा, मी इंद्रायणी. वीस मिनिटांत काही व्हायचं नाही. अर्धा तास लिही.