पाळण्यातला वरवंटा

सक्करदरा, नागपूर
ता. १४ नोव्हेंबर १९७४, गुरुवार

श्री. देवरावजी यांस,
मारोतरावचा सहकुटुंब रामराम.

आपलं पत्र येऊन सतरा दिवस झाले आणि उत्तर लिहायला मी आज बसलो, याबद्दल मोठ्या मनानं माफी असावी. शाई संपली होती असं लिहिणार होतो, पण शाई आणून आठ दिवस झाले, तेव्हा ते राहू द्या. आमची सूनबाई पुष्पलता आपल्याकडं सुखरूप पोचली आणि याच महिन्यात बाळंत होईल, हे वाचून जीव भांड्यात पडला. तिला जेवण जातं का? पायांवर सूज तर नाही? (असली तर कळवा, नसली तरी कळवा.) विहीणबाईंची कंबर कशी आहे? इकडं आम्ही सारे हिंडते-फिरते आहोत. माझा गुडघा तेवढा उठता-बसता आपलं मत सांगतो.

उशिराचं खरं कारण सांगायचं तर एका खेड्यापासून सुरुवात करावी लागेल. शेजारचे दत्तोपंत (पोस्टातून निवृत्त झाले, वाचण्याची सवय सुटली नाही, रस्त्यावरच्या पाट्याही मोठ्यानं वाचतात) मला तिथं घेऊन गेले. वाडीच्या पुढं ट्रकांची गोदामं संपली की मोकळं रान लागतं. तिथं एका संस्थेनं जुन्या काळचं अख्खं खेडं उभं केलं आहे. घरं खरी, वस्तू खऱ्या, फक्त राहणारं कोणी नाही. कुंभाराचं चाक, तेल्याचा घाणा, विहिरीवर मोट, सारवलेले ओटे. माशी नाही, कुत्रं नाही, बांधावरचं भांडण नाही. देवरावजी, मी जन्मानं खेड्यातला, पण असं खेडं मी पाहिलं नव्हतं.

प्रत्येक वस्तूपाशी पाटी आहे. 'नांगर. याने जमीन नांगरत.' अर्धा जन्म मी नांगरामागं चाललो, पण त्याचं नाव असं सुवाच्य लिहिलेलं पाहून त्याला नमस्कार करावासा वाटला (केला). शिकलेली माणसं रांगेनं येऊन उखळात वाकून पाहत होती आणि देवळात व्हावीत तशी गप्प होत होती. ज्या वस्तूंना आपण जन्मभर ठेचकाळलो त्या एवढ्या मोठ्या होत्या, हे आपल्याला कोणी सांगितलंच नाही. दत्तोपंत मात्र वैतागले, कारण मी प्रत्येक उंबऱ्याशी वहाणा काढत होतो. "अंदर कोणी राहत नाही गा, मारोतराव," असं ते म्हणाले. पण मालक घरी नसताना वहाणांसकट आत जाणं मला तरी जमत नाही. उलट तेव्हा तर जास्तच सांभाळावं लागतं.

सातव्या घरात बाळंतिणीची खोली होती. बाजलं, शेगडी, आणि आढ्याला टांगलेला सागवानी पाळणा, वर रंगीत लाकडी पोपट. दोरी खाली लोंबत होती. पाच लेकरं मी दोरी ओढून झोपवली आहेत (आमच्या घरच्या बायजाबाईला हे मान्य नाही). हात आपोआप गेला. पाळणा कुरकुरला, आणि त्या आवाजानं मी असा भारावलो की दहा-बारा झोके दिले. मग आत पाहिलं. पाळणा रिकामा.

आता रिकामा पाळणा हलवू नये, घरच्या लेकराला बाधतं, हे आपण जाणताच. मी असलं काही मानत नाही. पण न मानणाराही दोन्ही हातांनी पाळणा धरायला धावतो, हे मला तिथं कळलं. काही केल्या पाळणा थांबेना, आणि माझ्या डोळ्यांपुढं आपलं घर आणि पुष्पलता. तेवढ्यात आठवलं, बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात निजवतात. म्हणजे पाळणा रिकामा राहत नाही. स्वयंपाकघर शेजारीच होतं. मी वरवंटा उचलला, अंगावरच्या शालीत गुंडाळला, पाळण्यात निजवला, आणि आधीचे झोके फिटावेत म्हणून तेवढेच झोके मोजून दिले.

दाराशी चौकीदार नत्थू उभा होता.

"काय करून राहिले, बाबा? हात लावू नका लिहिलं आहे न तिथं."

"बाळ निजवून राहिलो."

"कोणाचं?"

"व्हायचं आहे अजून."

तो संस्थेच्या साहेबांना बोलवायला पळाला. दत्तोपंतही मागं सरकले आणि आपण एकटेच आल्यासारखे भिंतीवरची पाटी वाचू लागले. तेवढ्यात सहलीला आलेल्या दहा-बारा बाया आत शिरल्या. पुढं भीमाबाई नावाची एक दणकट बाई. तिनं पाळण्यात पाहिलं आणि मागं वळून म्हणाली, "अवं, वरवंटा निजवला आहे. कोणाच्या तरी घरचं बारसं आहे वं." मग काय विचारता, तिनं दोरी धरली आणि साऱ्याजणी पाळणा म्हणू लागल्या. त्या गात होत्या तेवढा वेळ त्या खेड्यात कोणीतरी राहायला आल्यासारखं वाटलं, आणि माझे डोळे भरून आले. साहेब रागानं आले होते, पण दारातच थांबले. गाणं संपल्यावर त्यांनी वही काढली, मला बसायला दिलं आणि सारी रीत विचारून लिहून घेतली. वर एक नवी पाटीही लावली. 'बारशाचा पाळणा. यात आधी वरवंटा निजवत.' दत्तोपंतांनी ती दोनदा वाचली आणि मी त्यांच्या सोबत आलो आहे, हे आपण होऊन साहेबांना सांगितलं.

एवढं सगळं छान झालं, तरी त्या दिवसापासून आपलं पत्र हाती घेतो आणि खाली ठेवतो. खुशाली विचारली की उत्तर येतं, म्हणून विचारायचंच धाडस होत नव्हतं. आज विचारलं.

आपला,
मारोतराव

ता.क. शाल पाळण्यातच आहे. साहेब देत होते, मीच नको म्हटलं. बाळ हाती येईपर्यंत तो वरवंटा मी उघडा करणार नाही. शाल आपण व्याहीभेटीत दिली होती तीच, म्हणून आपल्याला सांगणं भाग आहे.

आणखी ता.क. बायजाबाईला यातलं काही ठाऊक नाही. शाल परटाकडं दिली असं सांगितलं आहे. परीट सोमवारी येतो आणि ती त्याला दारातच धरणार. सोमवारच्या आत बाळंतपण उरकावं असं माझं म्हणणं नाही, लेकराला यायचं तेव्हा सुखानं येऊ द्या. पण आलं की पत्र लिहीत बसू नका, तार करा. मुलगा की मुलगी ते मागाहून कळवलं तरी चालेल. तारेत 'दोघं ठीक' एवढे दोनच शब्द पुरेत. तेवढे मात्र लवकर पाठवा.